मेपल सिरपचं आरओ यंत्र: धुणं, जपणं आणि हंगामानंतर ठेवणं

मेपलच्या रसात साखर असते जेमतेम 2 टक्के. सिरप व्हायला ती 66-67 टक्क्यांवर जावी लागते. मधलं सगळं पाणी उकळून उडवायचं ठरवलं तर 1 लिटर सिरपमागे सुमारे 43 लिटर रस आटवावा लागतो. तोच रस आधी आरओमधून 8 टक्क्यांपर्यंत घट्ट करून घेतला तर 11 लिटरवर काम भागतं. 100 लिटर रसातलं 75 लिटर पाणी भट्टीवर न चढताच बाजूला निघतं. लाकूड वाचतं, वेळ वाचतो, रात्री वेळेवर झोपायला मिळतं. क्यूबेक आणि व्हरमाँटमधले मोठे उत्पादक ही यंत्रं कित्येक दशकं वापरत आलेत. आता परसातली दहा-वीस झाडं टोचणारी माणसंही बादलीवर बसेल एवढं छोटं आरओ घेऊ लागली आहेत.

बॉस्टन, मॉन्ट्रियल, ऑटवा किंवा टोरंटोच्या आसपास राहणाऱ्या, अंगणात शुगर मेपल असणाऱ्या आणि यंदा पहिल्यांदाच आरओ घेतलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. यंत्र चालवायला अर्ध्या तासात जमतं. त्याची निगा राखायला शिस्त लागते, कारण शेवटचा रस आत गेला तेव्हा दिवसाचं काम संपलेलं नसतं. यंत्र धुऊन झालं की ते संपतं. हंगाम चार-सहा आठवड्यांचा. त्यात भर मार्चमध्ये मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, निकामी झाली तर नवी येईपर्यंत निम्मा रस हातचा जातो.

घरच्या आरओपेक्षा इथे काय वेगळं

पुण्या-नाशिकच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेलं आरओ सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मेपलच्या यंत्रातही तशीच मेम्ब्रेन असते: पॉलिअमाइडचा अतिपातळ थर, जाळीसकट नळीभोवती गुंडाळलेला. फरक एवढाच की घरी मेम्ब्रेनमधून पार झालेलं पाणी आपण पितो आणि उरलेलं मोरीत सोडतो. इथे मेम्ब्रेनच्या अलीकडे अडलेला साखरेचा रस आपल्याला हवा असतो. त्याला सगळे कॉन्सन्ट्रेट म्हणतात. पार झालेलं जवळजवळ शुद्ध पाणी म्हणजे परमिएट.

घरच्या यंत्रात मेम्ब्रेनच्या आधी कार्बन फिल्टर असतो. तो नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढतो, कारण क्लोरीन पॉलिअमाइड खातं आणि एकदा खाल्लेली मेम्ब्रेन कशानेही सुधारत नाही. झाडाच्या रसात क्लोरीन नसतं, म्हणून मेपलच्या बहुतेक यंत्रांत हा फिल्टर दिलेलाच नसतो. त्यामुळे पहिला नियम: नळाचं क्लोरीनयुक्त पाणी या यंत्रात घालायचं नाही. धुवायला नाही, खळबळायला नाही, तपासून बघायलाही नाही. ब्लीचचं नाव काढू नका. भांडी घासायचा साबणही नको. त्यातली सुगंधी द्रव्यं आणि फेस आणणारे घटक मेम्ब्रेनला चिकटून बसतात. स्वच्छता म्हणून वापरली जाणारी क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) वर्गातली जंतुनाशकं तर मेम्ब्रेन कायमची चोंदवतात.

मग धुवायचं कशाने? परमिएटने.

परमिएट फेकू नका

नवखे लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथे. परमिएटची नळी गटाराकडे सोडून देतात आणि रात्री धुवायची वेळ आली की हाताशी थेंबही नसतो. यंत्र सुरू करतानाच परमिएटची नळी स्वच्छ, फूडग्रेड टाकीत सोडा. टाकी भरली की जास्तीचं खुशाल वाहू द्या. बादलीवरच्या छोट्या यंत्राला 15-20 लिटर बाजूला काढून ठेवलेलं पुरतं. मोठ्या, 4 किंवा 8 इंची मेम्ब्रेनच्या यंत्रांना कितीतरी जास्त लागतं. तो आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो, तो मोठ्या अक्षरांत टाकीवरच लिहून ठेवा.

या टाकीला झाकण हवं. परमिएटमध्ये साखर नसली तरी उघड्यावर चार दिवस ठेवलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि अशा पाण्याने धुणं म्हणजे मेम्ब्रेनला जंतू आणून देणं. जुनं ओता, रोज ताजं भरा. इव्हॅपोरेटरची, म्हणजे रस आटवायच्या भट्टीची, कढई खळबळायला, फिल्टरची कापडं धुवायलाही हेच पाणी उत्तम, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात.

प्रत्येक वेळी, न चुकता: खळबळणं

रस संपला की क्रम असा ठेवा.

1. कॉन्सन्ट्रेटची नळी कॉन्सन्ट्रेटच्या टाकीतून बाहेर काढा आणि सांडपाण्याकडे वळवा. नुसता व्हॉल्व्ह फिरवून थांबू नका. नळी हाताने काढलेली असली की चुकून काही टाकीत जायची शक्यता उरत नाही. पुढे आरओच्या खास साबणाने धुताना या सवयीचं मोल कळेल.

2. यंत्रात येणारी नळी रसाच्या टाकीतून काढून परमिएटच्या टाकीत घाला.

3. दाब ठरवणारा कॉन्सन्ट्रेटचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. रस गाळताना दाब हवा असतो. धुताना हवा तो वेग. दाब कमी आणि प्रवाह जोराचा असला की मेम्ब्रेनच्या जाळीत अडकलेला चिकटा सुटून बाहेर पडतो.

4. पंप सुरू करा आणि पाणी एकदाच आरपार जाऊ द्या. खळबळलेलं पाणी परत टाकीत फिरवू नका.

5. कॉन्सन्ट्रेटच्या नळीतून येणारं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे साखरेचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर, बघा. आकडा शून्यावर आला की थोडं चाखूनही बघा, कारण रिफ्रॅक्टोमीटरला अगदी थोडी साखर दिसत नाही, जिभेला कळते. गोडी अजिबात लागत नाही, तिथपर्यंत चालू ठेवा.

सुरुवातीचं पाणी किंचित पिवळसर, फेसाळ असतं. मग ते निवळत जातं. हंगामाच्या शेवटी, एप्रिलमध्ये रस दुधट व्हायला लागला की याच खळबळण्याला जास्त वेळ लागतो, कारण तोवर रसात जंतू बळावलेले असतात आणि मेम्ब्रेनवर त्यांचा बुळबुळीत थर बसायला लागतो.

खळबळून झालं की यंत्र परमिएटने भरलेलंच ठेवा. मेम्ब्रेन कोरडी पडता कामा नये. थंडी परतली, रस थांबला आणि दोन-तीन दिवस यंत्र नुसतं पडून राहिलं, तर मधे एकदा पुन्हा ताजं परमिएट फिरवा.

आणि हो, कॉन्सन्ट्रेट त्याच दिवशी आटवा. पातळ रसापेक्षा ते लवकर नासतं, आणि नासलेल्या कॉन्सन्ट्रेटची चव सिरपमध्ये उतरते. आरओ आहे म्हणून उद्यावर ढकलता येईल, असा हिशेब करू नका.

वही ठेवा

यंत्राशेजारी दोरीला पेन बांधून एक वही टांगा. रोज लिहायच्या गोष्टी: रसाचं तापमान, दाब, परमिएटचा प्रवाह, कॉन्सन्ट्रेटचा प्रवाह, आत जाणारी साखर, बाहेर येणारी साखर. दोन मिनिटांचं काम आहे. मेम्ब्रेन चोंदते ती हळूहळू, रोज थोडी थोडी. डोळ्यांना ते दिसत नाही, वहीत दिसतं.

मेम्ब्रेन नवी किंवा नुकती धुतलेली असताना एक पाया पक्का करून घ्या. रसाऐवजी परमिएट घेऊन ठरावीक दाबावर यंत्र चालवा आणि तासाला किती लिटर पार होतं ते तापमानासकट लिहा. छोट्या यंत्राला फ्लोमीटर नसेल तर मापाचं भांडं आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे. पुढे दर धुण्यानंतर हीच चाचणी त्याच दाबावर करायची. प्रवाह मूळ आकड्यापेक्षा 10-15 टक्क्यांनी घटला की साबणाने धुवायची वेळ झाली.

तुलना करताना तापमान विसरलात तर मात्र वही चकवते. पाणी थंड झालं की दाट होतं आणि मेम्ब्रेनमधून सावकाश जातं. ढोबळमानाने दर अंश सेल्सिअसला 3 टक्के. 10 अंशांवर तासाला 100 लिटर देणारी मेम्ब्रेन 5 अंशांवर 85 च्या आसपास देईल, आणि तिला काहीही झालेलं नसेल. अशा थंड सकाळी घाबरून साबण काढू नका.

साबणाने धुणं

हा साबण म्हणजे आरओसाठीच मिळणारं अल्कलीचं द्रावण किंवा पावडर. मेपलचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. मेम्ब्रेनवरचा सेंद्रिय चिकटा, म्हणजे साखर, प्रथिनं आणि जंतूंचा थर, तो सोडवतो. द्रावणाचा पीएच 11 च्या आसपास जातो. म्हणजे हे प्रकरण डोळ्यांना आणि कातडीला घातक आहे. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नका. आधी पाणी, मग त्यात साबण. उलटं करू नका. मुलांना त्या वेळी शुगरहाऊसमध्ये, म्हणजे सिरप आटवायच्या खोपटात, येऊ देऊ नका.

आधी वर सांगितल्याप्रमाणे परमिएटने पूर्ण खळबळून घ्या. साखर आत असताना साबण घातला तर निम्मा साबण तिच्यावरच खर्च होतो. मग धुण्याच्या टाकीत कोमट परमिएट घेऊन सांगितलेल्या मापात साबण विरघळवा. पाणी 40 ते 45 अंश सेल्सिअस असावं. 45 च्या वर जाऊ नका, आणि तुमच्या मेम्ब्रेनच्या लेबलवर याहून कमी मर्यादा असेल तर तीच पाळा. उष्णता आणि अल्कली एकत्र आल्या की मेम्ब्रेनचा थर आणि तिचे गोंदाचे सांधे दोन्ही सैल होतात.

आता परमिएट आणि कॉन्सन्ट्रेट, दोन्ही नळ्या धुण्याच्या टाकीत परत सोडा आणि दाब कमी ठेवून द्रावण अर्धा ते एक तास फिरवा. मोठ्या यंत्रात पंपाच्या घर्षणाने पाणी आपोआप तापत जातं. 40 ला सुरू केलेलं द्रावण बघता बघता वर चढतं, म्हणून टाकीत थर्मामीटर ठेवा आणि यंत्राजवळच थांबा. द्रावण चहासारखं तपकिरी झालं तर आनंद माना, मळ सुटतोय. फारच काळं झालं तर ते टाकून नवं करा आणि पुन्हा फिरवा.

नंतरचं खळबळणं साबणाइतकंच महत्त्वाचं. नळ्या सांडपाण्याकडे वळवा, परमिएट आरपार सोडा, आणि दोन्ही नळ्यांमधून येणाऱ्या पाण्याचा पीएच कागदी पट्टीने तपासा. आत जाणाऱ्या परमिएटचा पीएच आणि बाहेर येणाऱ्याचा पीएच सारखा झाला की थांबा. फेस गेला म्हणजे साबण गेला, असं धरू नका. पट्टी एकदा परमिएटच्या बाजूलाही लावा. बरेच जण फक्त कॉन्सन्ट्रेटची नळी बघतात.

वापरलेलं द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका. पिंपात जमवा, थोडं थोडं सायट्रिक ॲसिड घालून पीएच 7 च्या आसपास आणा, आणि गावातल्या नियमाप्रमाणे विल्हेवाट लावा.

बादलीवरच्या छोट्या यंत्रांचं वेगळं आहे. त्यांचे पंप आणि नळ्या गरम अल्कलीसाठी केलेल्या असतीलच असं नाही. बनवणाऱ्याने साबण चालतो असं लिहिलं असेल तरच वापरा. नाहीतर रोजचं मनापासून खळबळणं हेच त्यांचं धुणं. त्या यंत्रांच्या मेम्ब्रेन स्वस्त असतात, दोन-तीन हंगामांनी बदलणं परवडतं.

ॲसिड केव्हा

मेपलच्या रसात कॅल्शियम, पोटॅशियम, मँगनीज असतात, आणि मॅलिक ॲसिडही. कढईच्या तळाशी जी वाळूसारखी खर जमते ती मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. मेम्ब्रेनवरही क्षारांचा थर बसतो आणि साबण त्याला हात लावू शकत नाही. साबणाने धुऊनही प्रवाह जुन्या आकड्यावर परतला नाही, तर पुढची पायरी सायट्रिक ॲसिडची. बहुतेकांना हंगामात एखाद-दोनदा आणि शेवटी एकदा पुरतं.

क्रम मोडू नका: आधी साबण, मग भरपूर परमिएट, मग ॲसिड, मग पुन्हा परमिएट. आधीच ॲसिड घातलं तर सेंद्रिय चिकटा घट्ट बसतो आणि मग निघता निघत नाही.

गोठणं

क्लोरीनइतकाच मोठा शत्रू म्हणजे थंडी. मेपलला रस येतोच तो रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर गेल्यामुळे. म्हणजे ज्या हवेने रस मिळतो तीच हवा यंत्र फोडते. पाणी भरलेली मेम्ब्रेन गोठली की बर्फाने तिचा थर फाटतो. बाहेरून काही दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी परमिएटमधून साखर वाहून जायला लागते. पंपाचं डोकं आणि फिल्टरचं भांडं तर सरळ तडकतं.

यंत्र घराच्या तळघरात किंवा गरम ठेवलेल्या छोट्या खोलीत असू द्या. शुगरहाऊसच्या कोपऱ्यात इन्शुलेशन घालून बंद कपाटासारखी खोली केली आणि थर्मोस्टॅटवर छोटा हीटर लावला तरी चालतं. वीज जाऊ शकते, हे धरून चला. छोटं यंत्र असेल तर उचलून घरात आणणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

काही बिघडलं तर

यंत्रात येणारा दाब कमी झाला, पंप वेगळा आवाज करू लागला, तर आधी प्रीफिल्टर बघा. हा बहुधा 5 मायक्रॉनचा कापूसवजा फिल्टर असतो. हंगामाच्या सुरुवातीला तो दिवसभर टिकतो, शेवटी शेवटी काही तासांत बदलावा लागतो. धुऊन पुन्हा घालण्यात अर्थ नाही. नव्याचा खर्च किरकोळ आहे, आणि फिल्टर चोंदल्यावर उपाशी चाललेला पंप महाग.

परमिएटमध्ये साखर येतेय अशी शंका असेल तर लिटरभर परमिएट स्टीलच्या पातेल्यात अगदी थोडं उरेपर्यंत आटवा आणि चाखा. स्वच्छ परमिएटला काही चव राहत नाही. गोड लागलं तर बहुतेक वेळा ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी चकती, मुडपलेली किंवा चिरलेली असते. मेम्ब्रेन फाटल्याचा निष्कर्ष काढण्याआधी ती बदलून बघा. बसवताना फूडग्रेड ग्लिसरीन लावा. पेट्रोलियम जेली लावू नका, ती रबर आणि मेम्ब्रेन दोन्ही खराब करते. मेम्ब्रेनच्या एका टोकाला बाहेरून जे मोठं रबरी सील असतं, त्याची उघडी कड रस येतो त्या बाजूला हवी. उलटी बसली तर रस मेम्ब्रेनमध्ये न शिरता बाजूने निसटतो आणि साखर वाढतच नाही.

हंगाम संपल्यावर

कळ्या फुटायला लागल्या, रसाला उग्र वास आला की झाडांना ठोकलेले टॅप काढायचे आणि लगेच यंत्राकडे वळायचं. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं तर मेच्या उबेत आत बुरशी धरते. साबण, परमिएट, ॲसिड, परमिएट, हा पूर्ण क्रम करा आणि प्रवाहाची चाचणी घेऊन आकडा वहीत लिहा. मोठ्या मेम्ब्रेन असतील तर त्या विक्रेत्याकडे खास धुलाईला पाठवता येतात. चार-पाच हंगाम टिकवायच्या असतील तर हा खर्च योग्यच आहे.

मेम्ब्रेन घरीच ठेवणार असाल तर ती ओली आणि जंतूंपासून राखलेली राहिली पाहिजे. रूढ पद्धत म्हणजे परमिएटमध्ये 1 टक्का सोडियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम. फूडग्रेडच घ्या आणि मोकळ्या हवेत मिसळा, कारण त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. दमेकऱ्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावं. झाकणबंद नळकांड्यात मेम्ब्रेन पूर्ण बुडवून, गार पण न गोठणाऱ्या जागी, उन्हापासून दूर ठेवा. छोट्या मेम्ब्रेन पिशवीत घालून फ्रिजमध्ये राहतात. फ्रीझरमध्ये नाही. दोन-तीन महिन्यांनी पट्टीने पीएच बघा. द्रावण हळूहळू आंबट होत जातं. पीएच 3 च्या खाली गेला की नवं करून घाला. यंत्राचं उरलेलं अंग, म्हणजे पंप, नळ्या, फिल्टरचं भांडं, पूर्ण निथळून कोरडं करा आणि झाकणं सैल ठेवा.

पुढच्या फेब्रुवारीत मेम्ब्रेन बसवली की तिच्यातलं सल्फाइट पूर्ण धुऊन निघालं पाहिजे. काही लोकांना सल्फाइटची तीव्र ॲलर्जी असते. तेव्हा परमिएट अजून तयार नसतं आणि नळाचं पाणी चालत नाही. आदल्या हंगामात कॅन भरून ठेवला असेल तर त्यावरही भरवसा नको. क्लोरीन नसलेलं, कमी क्षारांचं विहिरीचं पाणी किंवा विकतचं डिस्टिल्ड पाणी वापरा. तेही नसेल तर पहिल्या दिवसाचा रसच यंत्रातून सोडा आणि दोन्ही बाजूंनी येणारं सगळं काही वेळ फेकून द्या. नळ्या आणि टाक्या उन्हाळ्यात ब्लीचने धुतल्या असतील तर झाडांकडून येणारा पहिला रस यंत्राकडे न वळवता जमिनीवर जाऊ द्या. त्यातलं उरलंसुरलं ब्लीच मेम्ब्रेनपर्यंत पोहोचता कामा नये. मग प्रवाहाची चाचणी घ्या, गेल्या वर्षीच्या शेवटच्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा, आणि दोन्ही जुळत असतील तर कॉन्सन्ट्रेटची नळी टाकीत सोडा.